सतारीचा माइक शिट्टी मारतो, तर पिकअप बसवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सतार आणि तबला, दोघेच वादक. कधी दोन-अडीचशे माणसांचं सभागृह, कधी गणेशोत्सवाचा मांडव. सतारीसमोर माइक ठेवून मागच्या रांगेपर्यंत पोचेल इतका आवाज वाढवला की शिट्टी सुरू होते. कमी केला की तबला सतारीला गिळून टाकतो. म्हणून सतारीला पिकअप, म्हणजे हवेतल्या आवाजाऐवजी वाद्यावरूनच आवाज उचलणारं साधन, बसवायचा विचार आहे, कुठला घ्यावा?

लगेच कुठलाच घेऊ नका. बहुतेक वेळा ही तक्रार माइकची नसतेच. स्पीकर, मॉनिटर (वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून व्यासपीठावर ठेवलेला स्पीकर) आणि तबला यांच्या जागांची असते. त्या जागा तशाच ठेवून पिकअप लावलात तर शिट्टीऐवजी घुमारा येईल, आणि वर सतारीचा आवाज पत्र्यासारखा होईल.

सतार इतर वाद्यांपेक्षा त्रासदायक का, ते आधी समजून घ्या. साध्या गिटारचा माइक घुमू लागला तर दोषी बहुधा एकच असतो, तिची पोकळ पेटी. सतारीत दोषी डझनभर असतात आणि ते तुम्हीच सुरात लावून ठेवलेले असतात. अकरा ते तेरा तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, रागाच्या स्वरांत मिळवलेल्या, आणि त्यांचं कामच मुळी त्या स्वराचा आवाज कानावर आला की आपणहून वाजू लागणं. तो आवाज तुमच्या बाजाच्या (मुख्य वाजवायच्या) तारेतून आला की समोरच्या स्पीकरमधून, हे तरफेला कळत नाही. स्पीकरनं तरफ हलवली, तरफेनं तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी), तबलीचा आवाज माइकनं उचलला, तो पुन्हा स्पीकरमध्ये. फेरा पूर्ण.

याचा एक वाईट परिणाम असा की सतारीची शिट्टी बरेचदा रागाच्याच स्वरावर बसते. समजा सतार काळी एकची आहे, म्हणजे तिचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. जोडीची, म्हणजे खालच्या सा ची, तार साधारण १३९ हर्ट्झला, म्हणजे मध्य सप्तकातला पंचम ४१६ च्या आसपास आला. यमन लावलाय आणि पंचमाची तरफ घुमतेय. साउंडवाला एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरवर जवळची पट्टी शोधतो, ती असते ४०० ची, आणि खाली ओढतो. शिट्टी थांबते. पण त्या पट्टीच्या आवाक्यात ३९० जवळचा तीव्र मध्यमही येतो. म्हणजे यमनचा तीव्र मध्यम आणि पंचम दोन्ही फिके पडले, आणि तुम्ही बसल्या जागी विचार करताय की आज हात का लागत नाही. शिट्टी मारणारी प्रत्येक पट्टी कापत जाणं हा सतारीसाठी उपाय नव्हे. कापायचंच असेल तर डिजिटल मिक्सरवरचा अगदी अरुंद फिल्टर वापरायला सांगा, आणि तोही एखाद-दुसराच.

आता एक चाचणी सांगतो, तिला काही पैसे पडत नाहीत. सतार मांडीवर, माइक चालू, कुणी काही वाजवत नाही. साउंडवाल्याला हळूहळू आवाज वाढवायला सांगा. घुमायला लागलं की त्याला तिथेच थांबवा आणि उजवा तळवा सगळ्या तारांवर, खालच्या तरफांसकट, अलगद पसरून ठेवा. घुमणं विरलं, तर तरफा स्पीकरच्या किंवा मॉनिटरच्या आवाजानं हलताहेत. तळवा ठेवूनही शिट्टी तशीच राहिली, तर तारांचा संबंध नाही. माइक स्पीकरला थेट ऐकतोय, नाहीतर तबली आणि भोपळाच थरथरतोय. पहिल्या प्रकारात मॉनिटर तबलीपासून वळवायचा. दुसऱ्या प्रकारात तो माइकच्या पाठीमागे आणायचा. हे दोन उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणूनच आधी चाचणी करायची. सतारीपुढे मांडलेला मॉनिटर माइकच्या मागे पडतो खरा, पण तोच तबलीवर सरळ आवाज फेकतो. तरफा हलत असतील तर मी तो वादकाच्या डाव्या अंगाला, दांडीच्या बाजूला नेतो, विटेवर किंवा खोक्यावर चढवून कानाच्या उंचीला आणतो, आणि त्याचं तोंड कानाकडे करतो, तबलीकडे नाही. जमिनीवरचा मॉनिटर उभ्या गायकासाठी बनलेला असतो. मांडी घालून बसणाऱ्याच्या बाबतीत तो सरळ वाद्यावरच आदळतो.

मुख्य स्पीकर कुठे आहेत तेही बघा. मांडवात ते बहुधा व्यासपीठाच्या दोन टोकांना, तुमच्याच रेषेत, कधी तर चक्क मागे उभे केलेले असतात, कारण पुढे लोकांच्या वाटेत येतात. दोन मीटर पुढे सरकवून घ्या. जमलं तर थोडे बाहेरच्या बाजूला वळवा. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडतो, तो महागड्या माइकनं पडत नाही, हे मी कितीतरी आयोजकांना सांगून दमलो आहे.

तबला गिळतो त्याचं कारणही बैठकीतच आहे. तबलजी बहुधा सतारियाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला, आणि सतारीचा माइकही तिथेच असतो. तबला मुळात सतारीपेक्षा खणखणीत. तो स्वतःच्या माइकमधून येतो, वर तुमच्या माइकमधूनही शिरतो. सतार वाढवली की तबलाही वाढतो. छोट्या सभागृहात मी तबल्याचा माइक जवळजवळ बंदच ठेवतो, फक्त डग्ग्याला किंचित उठाव देतो, आणि तबलजीला अर्धा हात मागे सरकायची विनंती करतो. हे ऐकायला कठीण जातं, तेव्हा आधी चहाच्या वेळी बोलून घ्यावं, व्यासपीठावर लोकांसमोर नाही. शिवाय तबलजीच्या मॉनिटरमधली सतार हाही लपलेला शत्रू असतो. त्याला सम कळण्यापुरती सतार पुरते.

उघडे माइक मोजा. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलनं घटतो. निवेदिकेचा माइक, सत्कारासाठी ठेवलेला माइक, तंबोऱ्यासमोर ठेवलेला माइक, सगळे उघडे पडलेले असतात. निवेदन संपलं की ते बंद. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनवरचं ॲप असेल तर त्यापुढे माइक ठेवू नका, तारेनं सरळ मिक्सरमध्ये द्या.

आता माइक. तबलीला गिटारसारखं मोठं भोक बहुतेक सतारींना नसतं. आवाज तबलीच्या सगळ्या पृष्ठभागावरून येतो आणि जागेजागी वेगळा असतो. अगदी घोडीसमोर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) धरलात तर जवारीचा, म्हणजे तार घोडीवर घासून येणारा, झणझणाट आणि बोटातल्या नखीची टकटक जास्त येते. भोपळ्याच्या खालच्या अंगाला धरलात तर घूं होतं. माझी सुरुवातीची जागा ठरलेली आहे: घोडी आणि दांडीचा सांधा यांच्या मधोमध रोख, अंतर २० ते ३० सेंटिमीटर, माइक खालून समोरून किंचित वर बघणारा, उजव्या हाताच्या वाटेत न येणारा. तिथून बोटभर इकडे तिकडे करत तुमच्या सतारीची जागा शोधायची. माइक डोळ्यांनी लावू नये. कुणीतरी आलापाचे चार स्वर वाजवत असताना दुसऱ्यानं एका कानात बोट घालून, दुसरा कान माइकच्या जागी नेऊन ऐकावं. कानाला जिथे गोड, तिथे माइक.

अंतर निम्मं केलं तर ढोबळमानानं ६ डेसिबल मिळतात. ३० वरून १५ वर आलात तर साउंडवाल्याला तेवढा आवाज कमी वाढवावा लागेल. पण १५ वर आलात की मिंडेच्या ओढीत सतार हलली तरी आवाज बदलतो, आणि वादक तसा दगडासारखा बसत नाही, बसूही नये. म्हणून स्टँडवरच्या माइकपेक्षा वाद्याला चिकटून वाद्याबरोबर हलणारा छोटा माइक सतारीला फार सोयीचा. डीपीए कंपनीचा ४०९९ त्यासाठी बऱ्याच ठिकाणी दिसतो, लवचीक मानेचा. त्याची क्लिप तबलीच्या कडेला अडकवताना खाली मऊ कापड घाला आणि तरफांना ती कुठे टेकत नाही ना, हे बघा. टेकली तर जी करकर येते ती शोधण्यात अर्धा तास जातो. तो सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे अगदी मागून थोडं ऐकतो आणि सगळ्यात बहिरा असतो तो बाजूच्या मागच्या कोनात, साधारण १२६ अंशांवर. साध्या कार्डिऑइड माइकचा बहिरा कोन सरळ पाठीमागे असतो. मॉनिटर आणि तबला कुठल्या कोनात ठेवायचे, हे या आकड्यांवरून ठरवा.

सभागृहात कंडेन्सर माइक, एकेजी सी४५१ किंवा न्यूमन केएम१८४ सारखा, सतारीचा वरचा चमकदार भाग छान उचलतो. मांडवात मात्र मी हट्टानं साधा डायनॅमिक शूर एसएम५७ जवळ लावतो. रस्त्यावरची बाइक, प्रसादाच्या रांगेतली भांडी, बाजूला फिरणारा पंखा, यातलं कमीत कमी उचललं गेलं पाहिजे. थोडी चमक गेली तरी चालते, कारण मांडवात ती तशीही हवेत विरते. पंख्याचा झोत माइकवर येत असेल तर फोमची टोपी घाला, आणि त्याआधी पंखा वळवा.

एक बारकी गोष्ट. व्यासपीठ पोकळ फळ्यांचं असतं. डग्ग्याचा घुमका आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं फळीतून स्टँडमध्ये आणि तिथून माइकमध्ये चढतात. तुमच्याखाली गादी असते, स्टँडखाली काही नसतं. घडी घातलेली सतरंजी त्याच्याखाली सरकवा.

मग पिकअपचा उपयोगच नाही का? आहे, पण तो कशासाठी हवा हे ठरवून. चुंबकीय पिकअप सतारीला जवळजवळ निरुपयोगी, कारण तो फक्त पोलादी तारा ऐकतो. बाजाची तार, चिकारी (झाल्यात छेडायच्या कडेच्या तारा), तरफा येतील. जोड आणि खरज (खालच्या सुरांच्या जाड तारा) ब्राँझची किंवा पितळेची असते, ती त्याला जवळपास ऐकूच येणार नाही. आलापानंतरच्या जोड-झाल्यात निम्मी सतार गायब. सतारवादक नीलाद्री कुमार यांचा झितार (इलेक्ट्रिक सतार) किंवा साठच्या दशकातला कोरलचा इलेक्ट्रिक सितार ही त्या कामासाठी वेगळी घडवलेली वाद्यं आहेत. तुमची सतार म्हणजे ते नव्हे.

उरतो पिएझो, म्हणजे कंपनं उचलणारा चकतीसारखा पिकअप, किंवा एकेजीच्या सी४११ सारखा कंपनं ऐकणारा छोटा माइक. तो घोडीजवळ तबलीवर चिकटवतात. हवेतला आवाज तो फारसा ऐकतच नाही, म्हणून शिट्टीआधी बराच वाव मिळतो. पण तो जे ऐकतो ती सतार तुम्ही कधी ऐकलेली नसते. जवारीची गंमत रुंद, किंचित उताराच्या घोडीवर तार चाटत जाण्यात आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की तंबोरा आणि वीणेच्या अशा घोडीमुळे, तार जिथे छेडली तिथल्या हिशेबानं जे वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे बारीक उंच स्वर) यायलाच नकोत तेही ठळक येतात. तबली आणि हवा मिळून त्या स्वरांशांचा तोल सांभाळतात. घोडीशेजारी चिकटवलेल्या चकतीला हवा नाही, त्यामुळे तिला झणझणाट भरमसाट आणि गोलाई थोडी. नखीचा प्रत्येक टणत्कार येतो तो वेगळाच.

म्हणून मोठ्या मांडवात मी दोन्ही वापरतो. मॉनिटरमध्ये फक्त पिकअप, लोकांना मुख्यतः माइक. मॉनिटरमध्ये गोडवा नसला तरी चालतो, स्वर आणि लय कळली की पुरे, आणि माइक मॉनिटरमध्ये नसल्यामुळे फेऱ्याचा एक मोठा रस्ता बंद होतो. लोकांच्या स्पीकरमध्ये दोन्ही मिसळायचे असतील तर एक तांत्रिक काळजी घ्या. पिकअप तार हलताच ऐकतो, ३० सेंटिमीटरवरच्या माइकपर्यंत आवाज जायला ०.९ मिलिसेकंद लागतात. हे दोन सरळ मिसळले की ५७० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि सतार नाकात बोलू लागते. डिजिटल मिक्सरवर पिकअपला तेवढाच उशीर द्या. तशी सोय नसेल तर पोलॅरिटीचं, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारं, बटण दाबून बघा आणि ज्या बाजूला आवाज भरदार वाटेल ती ठेवा.

पिएझो सरळ मिक्सरच्या खाचेत खुपसू नका. त्याला पुढे खूप मोठ्या इंपीडन्सचा (विद्युत रोधाचा), किमान १ मेगाओमचा, इनपुट लागतो. नाहीतर खालचा भाग गळतो आणि आवाज आणखीच पत्र्याचा होतो. मध्ये प्रीअँप किंवा पिएझोसाठीचा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवा. त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण असेल असा घ्या, कारण मांडवातल्या रोषणाईच्या माळा आणि जनरेटर मिळून जी गुणगुण घालतात ती त्या बटणानं बरेचदा जाते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग भेटतात. त्यांना तुमच्या सतारीच्या जवळ फिरकू देऊ नका; हातात पोलादी तारा आहेत.

चकती चिकटवताना दुहेरी टेप वापरू नका, निघताना पॉलिशसकट निघते. पुन्हा काढता येणारी मऊ पुट्टी वापरा, आणि घोडीच्या वर काही नको. कायमचा पिकअप बसवायचा, भोक पाडून सॉकेट काढायचं, तर ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात करू नका. ते सतार बनवणाऱ्याचं काम. मिरजेत अशी घराणी पिढ्यानपिढ्या आहेत. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा कुठे किती जाड आहे हे त्यांच्या बोटांना कळतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर रियाजाच्या, जिवाभावाच्या सतारीला भोक पाडूच नये.

मिक्सरवरच्या बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. खरज-पंचमाची सतार असेल तर खरज ६९ हर्ट्झला जाते, तेव्हा लो-कट (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर) ६० च्या वर नको. गायकी अंगाची, खरज नसलेली असेल तर बेधडक १०० वर ठेवा. खाली डग्ग्याची धडधड सोडून तुमचं काही नाही. भोपळ्याचा बोदा घुमारा २०० ते ३०० मध्ये असतो, तिथे थोडं, रुंद असं कमी करा. नखी टोचत असेल तर ३ हजारच्या आसपास किंचित. गेट (आवाज बारीक झाला की माइक बंद करणारी सोय) लावू देऊ नका, तो स्वराची आस मध्येच कापतो. कॉम्प्रेसरही (मोठा-लहान आवाज एका पातळीला आणणारा) नको. मिंड विरत जाताना तो आवाज वर उचलतो आणि तीच वेळ तरफांची घुमायची असते. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमार, नावापुरता. तरफा हाच सतारीचा स्वतःचा रिव्हर्ब आहे, त्यावर दुसरा ओतला की द्रुत तानेचा चिखल होतो.

युरोपातलं ल्यूट किंवा अरबी ऊद वाजवणाऱ्यांनीही हे वाचलं तर जागांबद्दलचं सगळं त्यांना तसंच लागू. तरफांचा त्रास त्यांना नाही. पण ल्यूटची वरची फळी फार पातळ आणि आवाज फार नाजूक, आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारा चुंबकाला ऐकू येत नाहीत, त्यामुळे त्यांनी सरळ चिकटणारा छोटा माइक धरावा आणि कोरीव जाळीवर रोख धरू नये, तिथून घूं येतं.

साउंडचेक कधी करायचा, हेही सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तरफा ज्या रागात वाजवणार त्याच रागात लावून मगच. दुपारी पुरिया धनाश्री लावून साउंडचेक केला आणि रात्री बागेश्री वाजवायला बसलात, तर मधल्या वेळात फेऱ्यातल्या डझनभर दोषींची ठिकाणं बदललेली असतात आणि साउंडवाल्यानं कापलेली जागा आता भलत्याच स्वरावर पडते. मैफलीत राग बदलून तरफा पुन्हा मिळवताना त्याला खूण करा. तोवर त्यानं माइक खाली आणावा, आणि नवा राग सुरू होताना आवाज दोन पायऱ्या खालून वर न्यावा. तारा मिळवण्याआधी वाद्य अर्धा तास व्यासपीठावर, दिव्यांखाली राहू द्या. हॅलोजनच्या उबेत तार सैलावते, एसीत ओढली जाते. खोलीत मिळवलेली सतार व्यासपीठावर बेसूर निघते आणि दोष माइकवर जातो.

मांडवात हे सगळं करायला वेळ मिळत नाही हे मला माहीत आहे. आरती लांबते, सत्कार लांबतात, आणि रात्री दहाला उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद करायचा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, काही ठरावीक दिवशी बारापर्यंतची सवलत सोडली तर. म्हणून आठवडाभर आधी साउंडवाल्याला, मंडळाच्या अध्यक्षांना नव्हे, फोन करा आणि एवढंच लिहून पाठवा: दोन वादक, दोघेही जमिनीवर बसणार, सतारीला एक माइक आणि एक डीआय, तबल्याला दोन माइक, तंबोऱ्याला एक लाइन, दोन मॉनिटर, त्यांतला सतारीचा डाव्या हाताला उंचावर, मुख्य स्पीकर व्यासपीठाच्या पुढे, सतारीवर कॉम्प्रेसर आणि गेट नको, पंधरा मिनिटं साउंडचेक. पिशवीत स्वतःचा चिकटणारा माइक किंवा पिकअप, पुट्टी, फोमची टोपी, मऊ कापडाची एक लांब पट्टी ठेवा. कापडाची पट्टी शेवटच्या उपायासाठी. काहीच जमलं नाही तर ती वरच्या सप्तकातल्या तीन-चार तरफांखालून अशी सरकवा की त्या मुक्या होतील. सतार थोडी कोरडी वाजेल, पण साउंडवाल्याला आवाज जरा आणखी वाढवायला जागा मिळेल.